खारीची माती आणि कारखान्याचा धातू

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरातल्या मातीच्या प्रदूषणाची हकिकत बहुतेक वेळा कारखान्यांपासून सुरू होते. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा अंबरनाथचा गंधकाम्लाचा कारखाना, त्याच गावातला काडेपेटीचा कारखाना, मोहन्यातली १९४६ ची नॅशनल रेयॉन, शहाडची १९५६ ची सेंच्युरी रेयॉन, १९६२ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून कामाला लागलेले औद्योगिक विकास महामंडळ आणि त्याच दशकात डोंबिवलीत उभी राहिलेली रसायनांची वसाहत, अशी ही क्रमवारी असते. ती खरी आहे, पण अपुरी आहे. कोणत्या कारखान्याने किती जस्त, किती पारा, किती क्रोमियम सोडले एवढ्यावरून शेतातल्या भातात किंवा पालेभाजीत काय उतरले ते कळत नाही. धातू मातीत पडल्यावर माती त्याला धरून ठेवते की मुळाशी मोकळा सोडते, हे ठरवणाऱ्या गोष्टींत दोन फार मोठ्या आहेत: मातीतले मीठ आणि मातीतला सेंद्रिय पदार्थ. या जिल्ह्याचा शेतकरी कारखाने येण्याच्या कितीतरी आधीपासून नेमक्या याच दोन गोष्टींशी झगडत होता. त्याचे बांध, त्याचा राब, त्याचे शेणखत ही मीठ आणि सेंद्रिय पदार्थ आटोक्यात ठेवण्याची व्यवस्थाच होती. म्हणून धातूंचा इतिहास सांगताना बांध कधी आणि का फुटले, खत कधी आणि का बदलले, हेही सांगितले पाहिजे. फुटका खारबांध हे शेतीचे नुकसान म्हणून नोंदले जाते. ते प्रदूषणाच्या खात्यातही नोंदले जायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

उल्हास नदीत भरतीचे पाणी वसईच्या खाडीतून थेट कल्याणपर्यंत चढते. दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी कळवा, मुंब्रा, दिव्यापर्यंतच्या सखल पट्ट्याला भिडलेली आहे. या दोन पाण्यांमधल्या खाजणात आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवला. खाडीच्या बाजूने चिखलाचा उंच बांध, त्यात भरतीला बंद होणारी आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडणारी उघाडी, आत छोटे बांध घालून पाडलेली खाचरे, एवढ्या साधनांवर ही शेती उभी होती. खरे काम पावसाचे. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडणारे पाणी खाचरात साठवायचे, मीठ विरघळू द्यायचे आणि उघाडीतून बाहेर काढायचे. नव्याने बांध घालून काढलेल्या खारीतून मीठ धुऊन निघायला काही वर्षे जात. जुन्या खारीतही उन्हाळ्यात खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर चढे, जमिनीवर पांढरा थर धरे आणि जूनमधल्या पहिल्या सरींनी तो धुतला गेल्याशिवाय पेरणीला हात घालता येत नसे. मग मोड आणलेले बी चिखलात फेकायचे. काळा राता आणि भुरा राता हे तांबड्या तांदळाचे भात या जमिनीत तग धरणारे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पुढे त्यांतूनच निवड करून सुधारित वाण काढले, ते उगाच नव्हे. शेजारीच मिठागरे असत. एकाच खाडीचे पाणी एका बांधाआड मीठ पिकवण्यासाठी आत घेतले जाई आणि दुसऱ्या बांधाआड भात पिकवण्यासाठी बाहेर ठेवले जाई. मीठ कुठे हवे, कुठे नको याची इतकी बारीक जाण असलेला समाज शेतीच्या इतिहासात विरळाच.

खाडीपासून दूर, कल्याण, मुरबाड, शहापूरच्या माळ-वरकस भागात कळीचा प्रश्न खताचा होता. तिथे राब भाजण्याची चाल. भाताची रोपे जिथे करायची तेवढ्याच तुकड्यावर शेण, ऐनाचा टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर असे रचून उन्हाळ्याच्या अखेरीस ते जाळायचे. या चालीवरून एकोणिसाव्या शतकात सरकार आणि रयत यांच्यात मोठा वाद झाला. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर टहाळ तोडण्यावर निर्बंध आले, तक्रारी वाढल्या आणि १८८५ मध्ये ठाणे आणि कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यांतल्या जंगलप्रश्नासाठी मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. त्यानंतर थोड्याच वर्षांनी इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस फोल्कर हिंदुस्थानची शेती पाहायला आले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात राबाचा विचार आहे, आणि अडाण्यांची चाल म्हणून त्यांनी ती झटकून टाकलेली नाही. आजच्या मृदाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर राबाने जमिनीला राख मिळे, म्हणजे पालाश आणि चुना. आम्लता थोडी उतरे. थोडा कोळसाही मातीत राही. पण ह्यूमस मिळत नसे, कारण सेंद्रिय पदार्थाचा मोठा भाग धूर होऊन जाई. ह्यूमस यायचा तो शेणखतातून, खाचरात कुजणाऱ्या धसकटांतून आणि पाण्याखाली कुजण्याचा वेग मंदावतो या साध्या कारणाने. त्यामुळे जुन्या पद्धतीत सगळेच आदर्श होते असे मी म्हणणार नाही. म्हणणे एवढेच, की या भागात मातीची आम्लता, क्षार आणि कर्ब यांच्यात दरवर्षी हात घातला जाई, आणि त्या कामाला रीतीचे बळ होते.

हे बळ कुठून येत होते आणि कसे गेले, हा इतिहासाचा अवघड भाग आहे. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, विशेषतः पेणकडे, खार जमिनीवर शिलोत्री पद्धत होती. खारी बांधून काढणारे शिलोत्रीदार बाहेरच्या बांधाची डागडुजी करून घेत आणि त्याबद्दल कुळांकडून वेगळा हिस्सा उचलत. ही व्यवस्था न्यायाची नव्हती. खारेपाटातल्या कुळांचे किती शोषण होत होते, हे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून काही वर्षे चाललेल्या चरीच्या शेतकरी संपाने साऱ्या महाराष्ट्राला दाखवून दिले. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, खोती गेली, १९५५ च्या कायद्याने कुलाब्यातले शिलोत्री हक्क रद्द झाले. हे सारे व्हायलाच हवे होते. मात्र हक्काबरोबर एक कर्तव्यही होते, बांधाला खांड (भगदाड) पडली की ती त्याच ओहोटीत बुजवण्याचे, आणि ते कोणाच्या तरी गळ्यात पक्के बांधणे गरजेचे होते. १९४८ च्या खारजमीन कायद्याने मंडळ स्थापले, १९७९ मध्ये खारजमीन विकासाचा नवा कायदा झाला, बाहेरच्या बांधाचा भार सरकारी खात्याकडे गेला. पण खांड भरतीच्या वेळापत्रकाने पडते आणि दुरुस्ती अंदाजपत्रकाच्या वेळापत्रकाने होते. एका पावसाळ्यात न बुजवलेली खांड पुढल्या पावसाळ्यापर्यंत शेकडो एकरांत खारे पाणी फिरवते. दोन-तीन वर्षे असे झाले की शेतकरी हात आखडता घेतो, माणसे गिरण्यांत, कारखान्यांत, रेल्वेत नोकरीला लागतात आणि खाचरात तिवरे उगवतात. ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात तर जमिनीला शेतीपेक्षा इमारतीचा भाव आल्यावर फुटलेला बांध बुजवण्यात कोणाचाच फायदा उरला नाही.

नेमक्या याच काळात खाडीत आणि नद्यांत धातू येऊ लागला. इथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही: या कारखान्यांनी धातूबरोबर मीठही सोडले. व्हिस्कोस रेयॉनचा धागा गंधकाम्ल, सोडियम सल्फेट आणि झिंक सल्फेटच्या द्रावणात ओढला जातो. म्हणजे त्या सांडपाण्यात जस्त आणि क्षार एकत्रच असतात. रेयॉनसाठी लागणारा कॉस्टिक सोडा जुन्या पद्धतीत मिठाच्या संपृक्त द्रावणातून वीज सोडून आणि पाऱ्याचा विजाग्र वापरून बनवत. तिथे पारा आणि क्लोराइड जोडीनेच निघतात. रंगाईत कापडावर रंग चढवायला मीठ लागते, आणि रंगद्रव्यांत तांबे, क्रोमियम असू शकते. डोंबिवलीत २०१४ मध्ये पडलेला हिरवट पाऊस किंवा २०२० मध्ये गुलाबी झालेला रस्ता लोकांनी डोळ्यांनी पाहिला, म्हणून बातमी झाली. पाण्यात विरघळलेला धातू आणि मीठ मात्र बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत. मलंगगडाच्या डोंगरांतून निघून अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिरापाशी वाहत येणारी वालधुनी उल्हासनगरातून कल्याणला पोचेपर्यंत तिचे काय होते, हे नदीत सोडलेल्या रसायनांमुळे पसरलेल्या विषारी वायूच्या २०१४ च्या घटनेने आणि त्यानंतर राष्ट्रीय हरित लवादापुढे चाललेल्या प्रकरणाने सर्वांपुढे आणले. त्या पाण्यातला क्षार मात्र चर्चेत कधी आला नाही.

क्षार एवढा महत्त्वाचा का, हे समजून घ्यायला मातीच्या कणांकडे जावे लागते. चिकणमाती आणि ह्यूमस यांच्यावर ऋणभार असतो, धातूंचे आयन बहुधा धनभारित असतात, त्यामुळे ते तिथे चिकटतात. ह्यूमसमधले कार्बोक्सिल आणि फिनॉल गट तांबे आणि शिसे फार घट्ट धरतात. त्यातले गंधकाचे गट पाऱ्याला त्याहून घट्ट धरतात. कॅडमियम आणि जस्त यांची पकड त्या मानाने सैल. आता या मातीत समुद्राचे पाणी आले तर दोन गोष्टी घडतात. सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम मोठ्या संख्येने येऊन सैल बसलेल्या कॅडमियम-जस्ताला जागेवरून हटवतात. आणि क्लोराइड कॅडमियमशी संयोग करून त्याचा धनभार कमी करते, म्हणजे ते मातीला कमी चिकटते आणि पाण्याबरोबर मुळापर्यंत सहज पोचते. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅकलॉलिन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात बटाट्यातले कॅडमियम हे मातीतल्या एकूण कॅडमियमपेक्षा मातीच्या खारेपणाशी अधिक जुळलेले आढळले. तिथे कॅडमियम आले होते सुपर फॉस्फेटच्या खतांतून, कारण फॉस्फेट खडकात ते मुळातच थोडे असते. कारखान्याचा मागमूस नसलेल्या शेतांतही खारेपणामुळे पिकात धातू चढतो, हे त्यातून कळते. सल्फेटचा क्षार क्लोराइडइतका कॅडमियमला मोकळा करत नाही, हेही सांगितले पाहिजे. रेयॉनचे पाणी आणि खाडीचे पाणी यांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही.

भाताच्या खाचराची गोष्ट आणखी वेगळी. पाणी तुंबले की मातीतला प्राणवायू संपतो, जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड करतात आणि कॅडमियम, जस्त, पारा सल्फाइड होऊन न विरघळणाऱ्या रूपात अडकतात. म्हणजे खाचरात पाणी उभे असेपर्यंत भात बराचसा सुरक्षित. लोंब्या भरताना पाणी काढून टाकले की हवा शिरते, सल्फाइडचे पुन्हा सल्फेट होते, आम्लता वाढते आणि नेमक्या दाणा भरण्याच्या दिवसांत कॅडमियम सुटते. जपानमधल्या जिंझू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीच्या कॅडमियमने भात दूषित झाला आणि इताई-इताई रोगाला १९६८ मध्ये सरकारने प्रदूषणजन्य रोग म्हणून मान्यता दिली. त्यानंतर जपानी कृषिशास्त्रज्ञांनी दूषित शेतांत लोंबी येण्याच्या काळात पाणी टिकवून ठेवण्याचा सल्ला दिला, त्यामागे हेच रसायन आहे. उघाडीवर ताबा असलेल्या शेतकऱ्याला पाणी केव्हा धरायचे आणि केव्हा सोडायचे हे ठरवता येते. उघाडी मोडलेल्या शेतात ते चंद्र ठरवतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेल्या मातीत तांबे, जस्त, क्रोमियम, निकेल निसर्गतःच जास्त असते; त्यामुळे ठाण्याच्या मातीत धातू सापडला म्हणून लगेच कारखान्याकडे किंवा मिठाकडे बोट दाखवू नये. आक्षेप रास्त आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. खडकाच्या स्फटिकांत बंदिस्त असलेला धातू तीव्र आम्लात माती उकळल्यावर मोजणीत येतो, पण मुळाला मिळत नाही. म्हणूनच लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ मध्ये मांडलेली डीटीपीए पद्धत शेतीच्या प्रयोगशाळांत रुजली. ती पिकाला मिळू शकणारा अंश मोजायचा प्रयत्न करते. एकूण धातूचा आकडा घेऊन घबराट करणे चूक, तसेच तोच आकडा नैसर्गिक आहे म्हणून निश्चिंत होणेही चूक. दोन्ही बाजू एकाच आकड्यावर भांडतात आणि क्षारता व कर्ब यांचे आकडे कोणी मागत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: मग शेतात भरपूर सेंद्रिय खत घाला, ह्यूमस धातूला धरून ठेवील, प्रश्न मिटला. सेंद्रिय खताचा मी पुरस्कर्ता आहे, पण हे उत्तर पुरेसे नाही. ह्यूमसचा विरघळणारा भाग तांब्याला धरूनच पाण्यात उतरतो आणि त्याला खाली, विहिरीच्या पाण्यापर्यंत नेऊ शकतो. उष्ण-दमट हवेत सेंद्रिय पदार्थ लवकर विघटित होतो, म्हणून एकदा घालून भागत नाही. सगळ्यांत मोठी सावधगिरी पाऱ्याबाबत हवी. पाणी तुंबलेल्या, सल्फेट आणि ताजा सेंद्रिय पदार्थ दोन्ही असलेल्या चिखलात सल्फेट फोडणारे जिवाणूच पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि अन्नसाखळीत चढणारा पारा तो हाच. उल्हासच्या खाडीतल्या गाळाचे नमुने घेऊन राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाऱ्याची मोठी भर दिसली. देशात पुढे पाऱ्याच्या विजाग्रांची जागा मेंब्रेन तंत्राने घेतली आणि मोहन्याचा नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला, तरी गाळातला पारा त्याच्याबरोबर निघून गेलेला नाही. खताचा उगम कोणता हेही पाहावे लागते. शेणखताची जागा शहरी कचऱ्याच्या खताने घ्यायची, तर ओला-सुका वेगळा न केलेल्या कचऱ्यात बॅटऱ्या, रंग, पत्रे सारेच येते. कल्याणच्या आधारवाडीसारख्या कचराभूमीवर वर्षानुवर्षे साठलेला ढिगारा खत म्हणून शेताकडे वळवण्याचा मोह होऊ नये. खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम ५, शिसे १०० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅमच्या वर नको असे बंधन घातले आहे, आणि क्षारांचे माप असलेली विद्युत वाहकता ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर नको असेही त्याच यादीत आहे. धातू आणि मीठ यांचा एकत्र विचार कायद्यात कुठे असेल तर तो खताच्या पोत्यापुरता. ज्या शेतात ते पोते रिकामे होते, त्या शेताला असा नियम नाही.

तिसरा आक्षेप पर्यावरणवाद्यांकडून येईल, आणि त्याचे मला मोल आहे. बांध फुटलेल्या खारीत तिवरांचे जंगल उभे राहते, तिवरांचा चिखल सल्फाइड आणि सेंद्रिय पदार्थ यांनी भरलेला असतो, तो धातूंना उत्तम अडवतो; मग खारे पाणी आत आले तर बिघडले काय? जिथे तिवरे कायमची राहणार तिथे हे बरोबर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ पासून तिवरांना दिलेले संरक्षण आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला मिळालेला रामसरचा दर्जा यांमुळे तो चिखल ओला आणि अबाधित राहत असेल, तर त्यातला धातूही जागीच राहील. पण ठाणे-दिवा-डोंबिवलीच्या काठावर जे घडते ते बहुतेक ठिकाणी मधलेच काहीतरी असते. अर्धवट बांध, अर्धवट तिवरे, वर राडारोड्याचा भराव, मध्येच खोदलेला नाला. असा चिखल उपसून हवेत टाकला की सल्फाइड आम्ल बनते आणि अडकलेला धातू सुटतो. शेत राखायचे की तिवरे, यांपैकी एक निश्चित करून त्याप्रमाणे पाणी सांभाळणे परवडेल. दर काही वर्षांनी ओले-कोरडे होणारी जमीन धातूला पुन्हापुन्हा मोकळे करत राहील.

शेवटी, आता शेतीच कुठे उरली, असे विचारणारे असतात. कल्याण-डोंबिवलीत २७ गावे महापालिकेत आली, वगळली, पुन्हा आली आणि त्यांतली खाचरे झपाट्याने बांधकामाखाली गेली. तरी भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर तालुक्यांत भात होतो आणि रूळांच्या कडेला, नाल्यांच्या काठाला पालक, माठ, मुळा, भेंडी पिकते. ती भाजी शहरातच खपते. पालेभाज्या कॅडमियम पानांत साठवतात, नाल्याचे पाणी क्षारयुक्त असते आणि उघड्यावरच्या त्या वाफ्यांना भाताच्या तुंबलेल्या पाण्याचे संरक्षण नसते. म्हणून धोक्याचा क्रम लावायचा झाला तर मी भाताच्या आधी या वाफ्यांचे नाव लिहीन. ती पिकवणाऱ्यांना हुसकावून काही साधणार नाही, कारण त्यांना दुसरे पाणी कोणी दिलेले नाही.

२०१५ पासून शेतकऱ्याला मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा रकाने असतात. त्यांत विद्युत वाहकता आहे, सेंद्रिय कर्ब आहे, सामू आहे. जस्त आणि तांबेही आहेत, पण पिकाला कमी पडत नाहीत ना एवढेच पाहण्यासाठी. कॅडमियम, शिसे, पारा, क्रोमियम नाहीत. साऱ्या महाराष्ट्रासाठी ते तपासणे खर्चाचे होईल, पण उल्हास, काळू आणि वालधुनीच्या काठच्या गावांपुरते, आणि कळव्यापासून भिवंडीच्या खाडीकाठापर्यंतच्या खारीपुरते ते करता येण्याजोगे आहे. आकडे हातात आले की ते वेगवेगळे न वाचता एकाच ओळीत वाचावे लागतील: धातू किती, मीठ किती, कर्ब किती, आणि खाचरात पाणी किती दिवस उभे होते. मातीच्या तपासणीचा आदेश कृषी खात्याचा, सांडपाण्याचा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आणि उघाडीच्या दुरुस्तीचा खारजमीन विभागाचा. या तिघांच्या फायली आज एकमेकींना भेटत नाहीत. खांड पडलेल्या बांधाच्या प्रस्तावाला त्या शेतातल्या मातीचा धातूचा अहवाल जोडला, तर दुरुस्तीच्या यादीत कोणता बांध आधी घ्यायचा हे ठरवायला निदान एक ठोस कारण मिळेल.